सहा बोटं लाकूड

मला स्टुलासकट उचलून नेलं होतं. ही फजिती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल.

मी मंदा. ब्रह्मपुरीजवळच्या एका शाळेत पोरांना गाणं शिकवते, आणि हिवाळा लागला की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात ऑर्गन वाजवते. ऑर्गन म्हणजे पायांनी भाता हलवायची उभी पेटी. आमच्याकडे नाटक रात्री सुरू होतं ते उजाडता संपतं, आणि तोवर वादकानं जागा सोडायची नाही अशी रीत. त्या दिवशी वडशाजवळच्या गावात शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त ठेवलेलं, नाटक होतं. पडदा पडला, तबलजीनं तबले बांधले, लोक घोंगड्या झटकत उठले. मीही उठायला गेले, तर उठताच येईना. कमरेतून कळ निघाली ती थेट टाचेत गेली. आणि उजवा पाय तर माझा नव्हताच.

"काय झालं वो मंदाबाई?" कंपनीचे मालक धनराजभाऊ धावत आले.

"काई नाई झालं. उठता येऊन नाई राह्यलं."

"मंग झालं ना बाप्पा काहीतरी!"

चौघांनी स्टुलाचे पाय धरले आणि मला गाडीपर्यंत नेलं. वाटेत एक म्हातारी म्हणाली, "नवरीले नेऊन राह्यले का?" मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर अशी कळ आली की तिथेच ओरडले. आयुष्यभर मी लोकांसाठी सूर धरला, आणि लोकांना शेवटी माझं ओरडणं ऐकवलं.

हे मी लिहिते आहे ते पेटी, ऑर्गन, कीबोर्ड, जे कोणी बसून वाजवतात त्यांच्यासाठी. भजनी मंडळात मांडी घालून रात्रभर पेटी ओढणाऱ्यांसाठीही. डॉक्टरकी सांगणार नाही, ती मला येत नाही. आणि हो, शाळेत शिकवते म्हणून लिहिताना माझी भाषा इस्त्री केलेली येते. भांडताना मात्र आपलीच येते, आणि तिच्यात बायाही 'मी जातो'च म्हणतात. या आजारात मी भांडले खूप.

गादी सरकली

चंद्रपूरच्या दवाखान्यात त्या खडखडणाऱ्या बोगद्यात मला सरकवलं आणि बाहेर काढलं. डॉक्टरांनी फोटो उजेडापुढं धरला. "मणक्यांमधली गादी सरकली आहे. नस दबली आहे. काम काय करता?"

सांगितलं.

"ते बंद करा."

"किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद, बाई. आधी झोपून राहायचं, पायाला वजनं लावू. पाय सुधारला नाही तर ऑपरेशन. पण बसून वाजवणं विसरा."

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्या दाराबाहेर केवढी रांग होती, त्यांना घाई होती. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसाला आजार सांगावा, शिक्षा सुनावू नये. आमचे हे एस.टी.त कंडक्टर, कोणाचंही ऐकून घ्यायची सवय. ते हात जोडून "हो साहेब, हो साहेब" करत होते, आणि मला त्यांचाही राग आला. मी म्हणाले, "साहेब, पाय सुधरवा. पेटीचं मी पाहीन."

हे सगळं तोंडानं. आत मी इतकी घाबरले होते की बाकड्याची कड सोडत नव्हते.

वॉर्ड

दवाखान्यात दिवस पहाटेच सुरू होतो. थर्मामीटर, मग फरशी पुसणारी बाई, मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग काहीच नाही. मी उताणी, पायाला वजन लटकवलेलं, वर पंखा. लघवीलाही भांडं मागायचं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कोणाला पाण्याचा पेला मागितला नाही, तिनं भांडं मागायचं. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत रोखून धरलं. तिथली आया मोठी समजूतदार. तिनं पडदा ओढला, आणि पडद्यापलीकडं मोठमोठ्यानं कोणाशी तरी भाजीच्या भावावर बोलत राहिली, मला लाज वाटू नये म्हणून. तिचे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या खाटेवर गडचांदूरच्या शांताबाई होत्या. मांडीचं हाड मोडलेलं. एकदा त्या माझ्याकडं टक लावून पाहायला लागल्या.

"काऊन वो पोरी, हात काऊन हलवून राह्यली? फीट येऊन राह्यली का?"

"नाई जी. पेटी वाजवून राह्यली." मी चादरीवर नाटकातलं पद वाजवत होते.

"मंग जोरानं वाजव ना. मले ऐकू नाई येऊन राह्यलं!"

त्या दिवसापासून मी चादरीवर वाजवायचे, तोंडानं गुणगुणायचे, आणि शांताबाई चमच्यानं पेल्यावर ताल धरायच्या. नर्स ओरडली की दोघी डोळे मिटून पडायचो.

भीतीचं सांगते. नर्स पायाला टाचणी लावायची आणि विचारायची, "डोळे मिटा, सांगा कुठं टोचलं?" मला कळायचं नाही. मी अंदाजानं म्हणायची, "अंगठ्याले." एकदा ती म्हणाली, "बाई, मी अजून टोचलंच नाही." मी तोंड फिरवलं आणि उशी ओली केली. उजव्या पायानं भाता हलतो. पाय गेला म्हणजे श्वास गेला पेटीचा. चालता नाही आलं तर काठी घेईन, पण भाता काठीनं हलत नाही.

हे रोज ड्यूटी संपवून डबा घेऊन यायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "सोड ना आता ते पेटी. कोणासाठी मरून राह्यली?"

"तुमी एस.टी. सोडता का? तुमचेबी गुडघे गेले."

"माह्या पगारावर घर चालते, मंदा."

"अन् माह्या पेटीवर मी चालतो!"

ते उठून व्हरांड्यात गेले. मला वाटलं, गेले आता घरी. थोड्या वेळानं आले, पिशवीतून कंगवा काढला आणि माझी वेणी घालायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा. वेणी कानाजवळून सुरू होऊन भलतीकडंच गेली. शांताबाई म्हणाल्या, "बाप्पा, हे वेणी आहे का दावं?" आम्ही दोघंही हसलो. भांडण मिटलं नव्हतं, पण बाजूला ठेवलं गेलं.

स्टुलाची गोष्ट

पाय हळूहळू जागा झाला. मुंग्या आल्या तेव्हा मी त्या आयाबाईंना वॉर्डभर साखर वाटायला लावली. मग व्यायाम शिकवायला केतकी मॅडम आल्या. पुण्याकडच्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी कधी "सोडा" म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाजवायला कशा बसता, ते बसून दाखवा बरं."

त्यांनी खुर्ची पुढं केली. मी खुर्ची बाजूला सारली आणि खाटेवर चढायची लाकडी पायरी असते ना, ती ओढून तिच्यावर बसले. टेबल झालं पेटी. गुडघे पोटाशी आले, खांदे कानाशी, हात वर टेबलावर.

"अहो, इतक्या खाली? का?"

मग मला सगळं सांगावं लागलं. आमची पेटी बाबांना त्यांच्या गुरुजींकडून मिळाली, स्टुलासकट. वाद्य देवाच्या जागी, आणि त्याला आपण पाय लावतो, भाता पायानं हलवतो. म्हणून गुरूच्या उंचीवर शिष्यानं बसायचं नाही. बाबांनी स्टुलाचे पाय चार बोटं कापले आणि मग बसले. माझ्याकडं पेटी आली तेव्हा मी बाबांपेक्षा खाली बसायचं म्हणून आणखी दोन बोटं कापले. आनंदानं कापले. त्या दिवशी घरी खीर केली होती.

केतकी मॅडम हसल्या नाहीत. फक्त विचारलं, "तुमच्या वडिलांची पाठ कशी आहे?"

माझे बाबा कमरेतून असे वाकलेत की समोरच्याचं तोंड त्यांना दिसत नाही. ते माणसं चपलांवरून ओळखतात. गावात सगळे म्हणतात, म्हातारपण. मीही तेच म्हणत आले. पण त्यांच्या बरोबरीचे म्हातारे पारावर ताठ बसून पत्ते खेळतात, ते मला त्या क्षणापर्यंत कधी दिसलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी श्रावणी आली. आमची एकुलती एक, कॉलेजात शिकते, पेटीवर हात चांगला बसलाय. पोरगी माझा हात धरून म्हणाली, "आई, तू कायजी नको करू. तुले नाई जमलं तं मी घेईन पेटी. अन् आपल्या रीतीनंच घेईन. दोन बोटं कापून बसीन."

तिला वाटलं मी खूश होईन. माझ्या अंगावर काटा आला. मला ते स्टूल दिसलं, आणखी दोन बोटं कापलेलं, आणि त्याच्यावर माझी ही सरळसोट उंच पोरगी, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली.

"खबरदार," मी म्हणाले. "आरीले हात लावशीन तं माह्याशी गाठ आहे."

ती बिचारी गोंधळून गेली. पण माझं तिथंच ठरलं. ऑर्गन सोडायचा नाही, आणि त्या स्टुलावर बसायचंही नाही. ही लढाई आता माझ्या एकटीच्या पाठीची नव्हती.

बाबा

घरी आले तेव्हा उन्हाळी धानाच्या रोवणीची धामधूम सुरू होती. मी पट्टा बांधून अंगणात फेऱ्या मारायची. बाबा आमच्याकडंच राहतात, ते ओट्यावर बसलेले असत. एक दिवस सरळच सांगितलं, "बाबा, स्टूल वाढवून राह्यली मी."

"कोणाले इचारून?"

"माह्या कमरेले."

बाबा कधी ओरडत नाहीत. ते जमिनीकडं पाहत म्हणाले, "वाद्याले पाय लावतो आपण, मंदे. तं खाली बसतो. एवढं तं करावं माणसानं."

"पाया पडतो ना मी तिच्या रोज! पाया पडाले वाकतो बाबा, वाकून राहत नाई कोणी तिथीच."

"गुरूच्या बरोबरीनं बसशीन?"

"बसीन. नाई तं तुमची नात बसन जमिनीत खड्डा खणून."

बाबा उठून आत गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. जेवायला बसायचे, भाजी हवी असली तर श्रावणीला सांगायचे, "तुह्या आईले म्हण, भाजी वाढ." मी हातभर अंतरावर. हे म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं मन काऊन दुखवतो? नवं स्टूल घे, ते जुनं राहू दे देव्हाऱ्यात." सल्ला वाईट नव्हता. पण जुनं देव्हाऱ्यात राहिलं असतं तर रीतही देव्हाऱ्यातच राहिली असती, आणि उद्या श्रावणीनं नाही तर तिच्या पोरीनं आरी काढली असती. मला तेच स्टूल हवं होतं. रडले मात्र खूप. बापानं अबोला धरणं म्हणजे काय, ते ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल.

जोड

वडशात रशीदभाईंचं सुतारकाम. स्टूल घेऊन गेले.

"बाई, नवंच बनवून देतो ना. ह्याचा जोड दिसन."

"दिसू द्या जी. चांगला दिसू द्या."

पेटी टेम्पोत घालून नेली होती. मी बसायची, ते खाली लाकडं सरकवायचे. मी म्हणायची, "अजून." काय पाहिलं ते सांगते, कारण इतकं साधं कोणी मला कधी सांगितलं नव्हतं. कोपर पट्ट्यांच्या बरोबरीला आलं पाहिजे, खांदे आपोआप खाली पडले पाहिजेत. गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली. तळपाय भात्यावर सपाट. स्टुलावर पार मागं रेलून नाही, थोडं पुढं, ढुंगणाची दोन हाडं लाकडावर टेकलेली कळली पाहिजेत. हो, ढुंगणच म्हणते. लाजून कंबर बरी होत नाही. अशी बसले आणि एक सूर धरला. मोठा, भरलेला सूर आला. मला वाटायचं पेटी जुनी झाली, भाता कमजोर झाला. भाता ठणठणीत होता, माझा पायच कधी पुरता खाली गेला नव्हता.

काळ्या जुन्या पायांना खाली पिवळं नवं सागवान. जोड लांबून दिसायचा.

धनराजभाऊंकडं गेले तर तिथं वेगळंच. "मंदाबाई, यंदा सूर पेनड्राइव्हवर घेऊ म्हणतो. तुमचा सत्कार करू ना, पैल्याच नाटकाले. शाल, श्रीफळ, सगळं."

"भाऊ, मी मेली का?"

"तसं नाई वो..."

"मंग सत्कार कायचा? नट एखादी ओळ विसरला तं तुमचा पेनड्राइव्ह थांबन का त्याच्यासाठी? मी थांबतो. अन् आणखी एक. दर पडद्याले मी उठून उभी राहीन. लोकायले दिसलं तं दिसू द्या."

त्यांनी शाल आणूनच ठेवली होती, आता तिचं काय करायचं म्हणून कसनुसे झाले. शाल मी ठेवून घेतली, थंडी येणारच होती. सत्कार परत केला.

मंडई

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते; त्यातलंच हे पहिलं नाटक. हंगामाच्या पहिल्या दिवशी पेटीपुढं नारळ फोडायचा मान बाबांचा. ते येतील का, हे शेवटपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी शामियान्यात पेटी मांडली, तेवढ्यात काठी टेकत, श्रावणीच्या खांद्याला धरून आले. वाकलेल्या माणसाला पेटी दिसायच्या आधी स्टुलाचे पायच दिसणार. ते पिवळं सागवान बघत उभे राहिले. नारळ त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी परत दिला.

"माह्यानं नाई होत," म्हणाले.

तबलजी, नट, धनराजभाऊ, सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मागं फिरायचं असतं तर तेव्हाच. मी नारळ घेतला, दगडावर एका दणक्यात फोडला, पेटीच्या पाया पडले आणि उठून स्टुलावर बसले.

त्या नाटकात मी पेटी कशी वाजवली ते दुसऱ्यांनी सांगावं. मी एवढंच सांगते की दर पडद्याला उठले. पहिल्यांदा उठले तेव्हा मागून आवाज आला, "ओ बाई, बसा ना, दिसून नाई राह्यलं!" मी वळून म्हणाले, "पडदा पडून हाये, काय पाह्यतो बाप्पा?" लोक हसले. पुढच्या वेळी कोणी काही म्हणालं नाही. दुखलं का? दुखलं. आजही दुखतं. पण ते दुखणं माझ्या हातात होतं, मी त्याच्या हातात नव्हते.

उजाडलं. भैरवीचा शेवटचा सूर सोडला आणि मी दोन्ही हात पेटीवरून काढून घेतले. आधार न घेता उठायचं, असं मनाशी ठरवलं होतं. आमचे हे टिफिन घेऊन कोपऱ्यात उभे होते, धावत येणार इतक्यात मी हातानं थांबवलं. उठले. आपल्या पायांवर उठले. ह्यांनी तोंडावर रुमाल धरला.

तेव्हा बाबा आले. समोर खुर्ची टाकून सबंध नाटक ऐकत बसले होते. ते स्टुलाजवळ बसकण मारून बसले आणि नव्या लाकडावर बोटं आडवी ठेवून मोजायला लागले. चार. मग आणखी दोन.

"मले बसव," म्हणाले.

मी आणि श्रावणीनं त्यांना स्टुलावर बसवलं. पाठ काही सरळ झाली नाही, होणारही नव्हती. पण पाय भात्यावर सपाट पडले. त्यांनी एक सूर दाबला आणि ऐकत राहिले.

"गुरुजी इथीच बसत होते," बाबा म्हणाले. "एवढ्याच उंचीवर. मी पायाशी बसून पाहत होतो ना, त्यांचे गुडघे माह्या डोळ्यापुढं असत." मग सूर सोडला. "त्याईनं मले कापाले नव्हतं सांगितलं, मंदे. मीच कापलं."

"मलेबी तुमी नव्हतं सांगितलं बाबा," मी म्हणाले. इतक्या महिन्यांनी ते माझ्याशी, माझं नाव घेऊन बोलले होते.

त्यांना उतरवलं आणि श्रावणी सहज त्या स्टुलावर बसली, हात पट्ट्यांवर ठेवले. पोरगी माझ्यापेक्षा वीतभर उंच. गुडघे वर आले, खांदे पुढं झुकले. तिनं भीत भीत माझ्याकडं पाहिलं, मग आजोबांकडं.

"आबा, मले हे बुटकं होते."

बाबांनी वाकून, म्हणजे ते वाकलेलेच असतात, तिचे गुडघे पाहिले. मग काठी माझ्या पायाला टोचली.

"मंदे," म्हणाले, "रशीदले आणखी लाकूड सांगून ठेव."